नानकिंगच्या तटाखाली उभं असलेलं मुंबईचं जहाज

मंडळी, ते फॉरवर्ड पुन्हा आलंय. "अमेरिकेचं राष्ट्रगीत मुंबईत बांधलेल्या जहाजावर लिहिलं गेलं, अभिमान वाटत असेल तर पुढे पाठवा." खाली शिडाच्या युद्धनौकेचं जुनं रंगीत चित्र. या वेळी मला ते तीन ग्रुपवर आलं, त्यातल्या एकावर तर सख्ख्या मामांकडून. मामांशी फोनवर बोलून झालंय. बाकीच्यांना एकेक फोन करण्यापेक्षा इथेच लिहितो. पोस्ट लांबलीय, चहा घेऊन बसा.

आधी ते राष्ट्रगीत उरकतो. 'मिंडेन' नावाची ७४ तोफांची युद्धनौका मुंबईच्या गोदीत बांधली गेली आणि १८१० मध्ये पाण्यात उतरली, इथपर्यंत खरं आहे. पण १८१४ च्या सप्टेंबरात बाल्टिमोरवर तोफांचा मारा चालू असताना फ्रान्सिस स्कॉट की हा वकील होता एका अमेरिकन जहाजावर. कैदी सोडवायला पांढरं निशाण लावून गेलेलं ते जहाज ब्रिटिशांनी लढाई संपेपर्यंत अडकवून ठेवलं होतं. मिंडेनचा त्याच्याशी संबंध नाही. मिंडेनची खरी गोष्ट वेगळी आहे आणि ती कुणी फॉरवर्ड करत नाही. १८४२ नंतर ती हाँगकाँगच्या बंदरात नांगरून ठेवलेलं इस्पितळ झाली, तापाने फणफणलेले गोरे शिपाई आणि खलाशी तिच्यावर मरत होते, आणि १८६१ मध्ये ती तिथेच भंगारात गेली. हाँगकाँगच्या चिम शा चुई भागात आजही 'मिंडेन रो' नावाची गल्ली आहे, ती या जहाजाच्या नावावरून. मुंबईत मात्र तिच्या नावाची गल्ली माझ्या पाहण्यात नाही.

आता मुख्य मुद्दा. मला त्या खोट्या माहितीपेक्षा सोबतच्या चित्राबद्दल बोलायचंय. कारण माहिती खोडता येते, चित्र खोडता येत नाही. ते डोळ्यांतून सरळ आत जातं.

ही असली चित्रं तुम्ही पाहिलेली आहेत. फोर्टातल्या जुन्या कंपन्यांच्या जिन्यात, क्लबात, हॉटेलांच्या लॉबीत, मोठ्या डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये. बंदरात संथ पाणी, मधोमध तीन डोलकाठ्यांची भली मोठी युद्धनौका, शिडं गुंडाळलेली किंवा वाळत घातलेली, आजूबाजूला होड्या, मागे किल्ला नाही तर टेकडी. आकाश नेहमी छान. एकोणिसाव्या शतकात, वर्तमानपत्रांत फोटो यायच्या आधी, अशी चित्रं लंडनमध्ये हजारोंनी छापली जात. गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचं, त्यावरून छाप घ्यायचे, मग त्यात हाताने रंग भरायचे. शिळाछाप. आपल्याकडे जुन्या पोथ्या छापायचे तेच तंत्र. टी. जी. डटन नावाच्या माणसाने तर जन्मभर जहाजांचीच चित्रं दगडावर काढली. गिऱ्हाईक कोण? त्या जहाजावर नोकरी केलेले अधिकारी, त्यांच्या घरचे, आणि आपल्या आरमाराचं कौतुक असलेला कोणीही.

या चित्राखाली पांढरी पट्टी असते आणि त्यात बारीक अक्षरं. माझं म्हणणं आहे की चित्र राहू द्या, आधी ती पट्टी वाचा. डावीकडे मूळ चित्र काढणाऱ्याचं नाव. उजवीकडे दगडावर उतरवणाऱ्याचं. मधे जहाजाचं नाव, तोफांची संख्या, कप्तानाचं किंवा अ‍ॅडमिरलचं नाव, पुष्कळदा "यांना आदरपूर्वक अर्पण". खाली प्रकाशकाचं नाव आणि दुकानाचा पत्ता. म्हणजे ज्यानं चित्र काढलं तो आहे, ज्यानं विकलं तो आहे, ज्यानं जहाज चालवलं तो आहे. ज्यानं जहाज बांधलं तो? व्यापारी जहाजांच्या चित्रांत कधीकधी बांधणाऱ्याचं नाव सापडतं, कारण तिथे ती धंद्याची जाहिरात असते. युद्धनौकेच्या चित्रात सहसा नाही.

आता एक चित्र घेऊ. 'नानकिंगच्या तटाखाली तहाची सलामी देताना कॉर्नवॉलिस आणि ब्रिटिश ताफा' असं त्याचं लांबलचक नाव आहे. नेटवर सहज सापडेल. ही 'कॉर्नवॉलिस' मुंबईची. ७४ तोफा, सागवानी लाकूड, १८१३ मध्ये आपल्या गोदीतून पाण्यात उतरलेली. बांधणारा मुख्य माणूस जमशेदजी बोमनजी वाडिया. १८४२ मध्ये ती चीनवर चालून गेलेल्या ब्रिटिश ताफ्याची मुख्य नौका होती, अ‍ॅडमिरल विल्यम पार्कर तिच्यावर होता. २९ ऑगस्ट १८४२ रोजी याच जहाजावर नानकिंगचा तह झाला.

नाव पुन्हा वाचा. 'तहाची सलामी'. या तहाच्या जेमतेम महिनाभर आधी, जुलैमध्ये, याच फौजेनं झेनजियांग शहर घेतलं होतं. तिथल्या मांचू शिबंदीतल्या कितीतरी लोकांनी शत्रूच्या हाती लागण्यापेक्षा बायकामुलांसकट जीव दिला. त्यानंतर ताफा यांगत्से नदीतून वर सरकला आणि नानकिंगच्या तटासमोर तोफा रोखून उभा राहिला. तेव्हा चिनी प्रतिनिधी सहीला आले. हाँगकाँग गेलं, पाच बंदरं उघडावी लागली, दोन कोटी दहा लाख डॉलर देणं आलं. त्यातले साठ लाख कशाचे माहितीय? चिनी सरकारनं जप्त करून नष्ट केलेल्या अफूची भरपाई! चोरून आणलेला माल पकडला म्हणून पकडणाऱ्यानंच दंड भरायचा.

लढाईच्या चित्रात निदान धूर असतो, मोडलेल्या डोलकाठ्या असतात, पाण्यात पडलेली माणसं असतात. नांगर टाकून उभ्या जहाजाच्या चित्रात यातलं काहीच नसतं. तिथे युद्धनौका एखाद्या बंगल्यासारखी दिसते. कुणाची तरी मालमत्ता, नीटनेटकी, शांत. दहशतीला शांततेचा पोशाख चढवायचा तर बंदरातल्या चित्रासारखी सोय नाही. म्हणूनच ती दिवाणखान्यात लावता येतात.

आणि इथे आपण येतो. आपण म्हणजे मुंबई. ती अफू होती कुठची? एक भाग बंगाल-बिहारकडची, कलकत्त्याहून जाणारी. दुसरा मोठा भाग माळव्याचा. माळवा म्हणजे शिंदे-होळकरांचा मुलूख, आणि तिथली अफू चीनला जायची ती मुंबई बंदरातून. मुंबईतल्या कितीतरी पेढ्या, दानधर्मासाठी आपण ज्यांचं नाव आदराने घेतो अशा काही घराण्यांसकट, या व्यापारात होत्या. सर जमशेदजी जिजीभॉय यांचं नाव त्यात उघडपणे घेतलं जातं. (हे बांधकामवाले जमशेदजी नव्हेत, हे वेगळे. गोंधळ करू नका, कमेंटमध्ये आधीच पुष्कळ होतो.) म्हणजे नानकिंगच्या तटाखालच्या त्या चित्रात जहाज मुंबईचं, आणि भांडण ज्या मालावरून पेटलं त्यातला मोठा वाटाही मुंबईतून गेलेला. चित्राखालच्या पट्टीवर मुंबई हा शब्द मात्र नाही.

तेव्हा अभिमान बाळगायचा तर कशाचा, हे नीट ठरवा. "मुंबईच्या जहाजानं जग जिंकलं" वगैरे पोस्ट लिहिणाऱ्यांना मी विचारतो, कुणासाठी जिंकलं? उलट टोकाचेही आहेत. मागे एका चर्चेत एक गृहस्थ म्हणाले, "ते ब्रिटिशांचं जहाज, पारश्यांनी बांधलं, आपला काय संबंध?" हेही मला पटत नाही. दोघंही चित्रच बघतायत. एकाला ते आवडतं, दुसऱ्याला नावडतं, एवढाच फरक. लाकूड कुणी बघत नाही.

लाकूड बघू या. लवजी नसरवानजी वाडिया १७३५-३६ च्या सुमारास सुरतेहून मुंबईला आले, कंपनीच्या गोदीत सुतारांचे मुकादम म्हणून. पुढे दीडशे वर्षं त्यांच्या घराण्यानं गोदी सांभाळली. १७५० च्या दशकात इथे सुकी गोदी झाली. म्हणजे जहाज आत घ्यायचं, दरवाजा लावायचा, पाणी काढून टाकायचं आणि तळापासून काम करायचं. १८१० मध्ये मोठी डंकन गोदी पुरी झाली. या गोद्या आजही लायन गेटच्या आत, नौदलाच्या डॉकयार्डात, वापरात आहेत. तिथे सागवान यायचं ते पश्चिम घाटातून, मुख्यतः मलबारातून. सागवानाला अंगचं तेल असतं, लोखंडी खिळा त्यात गंजून सैल होत नाही. इंग्लंडच्या ओकमधलं आम्ल लोखंड खातं. म्हणून मुंबईची जहाजं टिकली. ही 'कॉर्नवॉलिस' पुढे वाफेवर चालवली, मग शीरनेस बंदरात धक्का म्हणून वापरली, आणि मोडली कधी, तर १९५७ मध्ये! आपल्याला स्वातंत्र्य मिळून दहा वर्षं झाली तरी हे लाकूड तिकडे पाण्यात उभं होतं. १८१५ ची 'वेलस्ली', तीही मुंबईची, तीही अफूच्या युद्धात होती, ती १९४० मध्ये थेम्समध्ये जर्मन बॉम्बनं बुडाली. सव्वाशे वर्षं जुनं लाकडी जहाज विमानाच्या बॉम्बनं बुडावं, हे वाचून मी पुस्तक मिटून दोन मिनिटं नुसता बसलो होतो.

पण हे सागवान फुकट येत नव्हतं. १८०६ मध्ये मलबारात कॅप्टन वॉटसन नावाचा अधिकारी जंगलांचा राखणदार नेमला गेला. राखायचं कशासाठी, तर जहाजांच्या लाकडासाठी. स्थानिक लोकांची तोड बंद, जमीनमालकांच्याही झाडांवर सरकारचा हक्क. लोक इतके वैतागले की १८२३ मध्ये मद्रासचा गव्हर्नर मन्रो यानं ते पदच बंद केलं. जंगल सरकारचं आणि जंगलातला माणूस चोर, हा हिशेब पुढे सगळ्या देशात लागू झाला. पालघर-डहाणूकडच्या माझ्या वाचकांना त्याबद्दल मी वेगळं सांगायला नको. त्याची एक सुरुवात या जहाजांच्या तळाशी आहे.

आता त्या नसलेल्या नावाची गोष्ट. 'कॉर्नवॉलिस' नावाची जहाजं मुंबईत दोन झाली. तहाची ती दुसरी. पहिली १८०० ची, कंपनीसाठी बांधलेली, पुढे ब्रिटिश आरमारानं विकत घेतली. तिच्याबद्दल वाडिया घराण्याच्या इतिहासात एक किस्सा सांगतात. बऱ्याच वर्षांनी जहाज दुरुस्तीला आलं तेव्हा तळाच्या मुख्य तुळईवर कोरलेला मजकूर सापडला. मतलब असा, की हे जहाज एका काळ्यानं बांधलं, सन १८००. 'काळा' या शब्दाच्या आधी इंग्रजी शिवीही होती. गोरे अधिकारी येता-जाता वापरत असतील तीच शिवी. जमशेदजींनी ती स्वतःसाठी वापरून, कुणी बघणार नाही अशा जागी स्वतःची सही करून ठेवली होती.

या किश्श्यावर मी फार विचार केलाय. हा माणूस गरीब नव्हता, दबलेला नव्हता. ब्रिटिश आरमार त्याच्यावर विश्वास टाकून मोठमोठ्या युद्धनौका बांधून घेत होतं, मानाच्या भेटी पाठवत होतं. तरी त्याला माहीत होतं की वरच्या पट्टीवर आपलं नाव येणार नाही. मग त्यानं खालची जागा निवडली.

आणि जमशेदजींचं नाव निदान आपल्याला माहीत आहे. त्यांच्या हाताखालच्या सुतारांचं, लोहारांचं, फळ्यांच्या फटीत धागा ठासून डांबर भरणाऱ्यांचं, तांब्याचे पत्रे ठोकणाऱ्यांचं काय? माझे आजोबा याच डॉकयार्डात सुतारखात्यात होते, अर्थात फार नंतर, साठ-सत्तरच्या दशकात. त्यांच्याकडे पितळी बिल्ला होता, त्यावर नंबर. नाव नाही, नुसता नंबर. आत शिरताना बिल्ला, बाहेर पडताना बिल्ला. आजी चेष्टेनं त्यांना कधीकधी त्या नंबरानंच हाक मारायची. त्यांनी कुठल्या बोटीचं काम केलं, हे घरात कुणालाच नीट माहीत नाही. ते सांगायचे नाहीत आणि आम्ही विचारलं नाही. लालबाग, माझगाव, शिवडीकडच्या किती घरांत हीच गोष्ट असेल!

याच्या उलट जरा इंग्लंडातलं हार्टलपूल बघा. ईशान्य किनाऱ्यावरचं, लाखभराच्या आतल्या वस्तीचं शहर. जहाजबांधणीचा धंदा बसलेला, बेकारी भरपूर. तिथे १९८७ मध्ये एक खिळखिळं लाकडी जहाज आणलं आणि दहा वर्षांहून जास्त काळ खपून २००१ पर्यंत पूर्ववत केलं. ते जहाज म्हणजे 'ट्रिंकोमाली', १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईच्या गोदीतून पाण्यात उतरलेलं. बांधणारे तेच जमशेदजी. पाण्यावर तरंगत असलेली सर्वांत जुनी ब्रिटिश युद्धनौका आज तीच. तिच्या तळाच्या कण्यात पारशी रिवाजाप्रमाणे चांदीचा खिळा ठोकला होता, हे तिथे येणाऱ्या शाळेच्या पोरांना सांगतात. १८१७! त्याच वर्षी नोव्हेंबरात खडकीची लढाई झाली आणि पेशवाईचा शेवट सुरू झाला. ते आपल्याला शाळेत तारखेसकट पाठ करायला लावलं. त्याच्या महिनाभर आधी मुंबईत काय पाण्यात उतरलं, ते हार्टलपूलच्या पोरांना माहीत आहे.

इथे लगेच कुणीतरी 'विक्रांत' काढणार, म्हणून मीच काढतो. १९७१ च्या युद्धातली विमानवाहू नौका, १९९७ मध्ये निवृत्त, २०१२ पर्यंत मुंबईत संग्रहालय, २०१४ मध्ये भंगारात. दारूखान्यात मोडली. तिच्या पोलादाची पुढे मोटारसायकल निघाली, तीही आपण हौसेनं विकत घेतली. मग 'विराट' २०२० मध्ये अलंगला गेली. यावर मी रडणार नाही. एवढं मोठं पोलादी जहाज खाऱ्या पाण्यात सांभाळायला वर्षानुवर्षं पैसा लागतो आणि तो कुणी द्यायचा, हा खरा प्रश्न आहे. "सरकारला लाज वाटली पाहिजे" म्हणणारे आपण किती जण तिकीट काढून ते बघायला गेलो होतो?

पण मी जे मागतोय त्याला पोलाद लागत नाही. कागद लागतो.

एक. मुंबईत ज्या ज्या सरकारी किंवा सार्वजनिक जागेत अशा जहाजांची चित्रं टांगली आहेत, आणि जहाज मुंबईचं आहे, तिथे चित्राखाली दुसरी पट्टी लावा. मराठीत. कुठे बांधलं, कुणी बांधलं, लाकूड कुठलं, कुठल्या युद्धात गेलं, कशासाठी. चार-पाच ओळींत बसतं. चित्र काढून टाका असं मी म्हणत नाही, उलट राहू द्या. छापणाऱ्यानं जे गाळलं तेवढं आपण भरू.

आणि दुसरं जास्त निकडीचं. पूर्व किनाऱ्यावरच्या बंदराच्या जमिनीचं पुढे काय करायचं, याचे आराखडे गेली काही वर्षं येत-जात आहेत. मरीना, फिरायची जागा, हॉटेलं, सगळं त्यात असतं. मी विकासाच्या विरोधात नाही. संध्याकाळी समुद्रावर चालायला कुणाला नको असतं? पण जुन्या गोदामांतून, कार्यशाळांतून कामगारांच्या हजेरीच्या वह्या, दुरुस्तीची रजिस्टरं, जुने नकाशे निघाले तर ते कुठे जाणार, हे आधी ठरलं पाहिजे. एकदा रद्दीच्या टेम्पोत चढले की संपलं. नौदलानं बॅलार्ड बंदराच्या जुन्या गेटहाउसमध्ये छोटं संग्रहालय केलं, ते चांगलंच आहे. पण ते नौदलाचं झालं. गोदीत राबलेल्या माणसांसाठी, त्यांच्या वस्तीच्या जवळ, एखादं दालन मागणं काही फार नाही. माझगाव-शिवडी भागात महापालिकेची एखादी बंद पडलेली शाळाही चालेल.

तोवर आपण एक करू शकतो. ज्यांच्या घरात डॉकयार्डाचे, पोर्ट ट्रस्टचे किंवा माझगाव डॉकचे जुने बिल्ले, पास, हजेरीकार्डं, गेटसमोर काढलेले ग्रुप फोटो असतील, त्यांनी त्यांचे फोटो काढून ठेवा. मागे नाव, खातं आणि आठवत असेल तर बोटीचं नाव लिहा. कमेंटमध्ये टाकायचे तर टाका, पण टाकण्याआधी घरातल्या मोठ्यांना विचारा आणि पत्ते-फोन नंबर झाका. मी ते खातं आणि साल लावून एका ठिकाणी जमवतोय. आत्तापर्यंत अकरा आलेत. बाराव्या नंबरावर आजोबांचा बिल्ला टाकतो, तो आत्याकडे आहे, रविवारी बदलापूरला जाऊन फोटो काढून आणतो.

आणि मामा, हे वाचत असाल तर ते फॉरवर्ड अजून डिलीट झालेलं नाही.